परीस आणि मूस : कल्पित सृष्टीतील धातूंविषयी

१

अद्भुतरम्य वाङ्मयातील धातूंकडे टीकाकाराचे लक्ष गेलेच तर ते प्रतीक म्हणून जाते. सोने आले की लोभ अथवा राजवैभव, रुपे आले की शुचिता, लोखंड आले की बळ किंवा क्रौर्य, असे अर्थ आधीच ठरून गेलेले असतात. कलाकृतीतला धातू या तयार साच्यात ओतला की समीक्षेचे काम संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. फूल, पाऊस किंवा नक्षत्र यांच्याप्रमाणे धातू माणसाच्या हाती आयता येत नाही. थोडेफार सोने नदीच्या वाळूत सापडते हे खरे. पण एरवी खाणीतून काढलेला दगड भट्टीत गेल्यावाचून त्याचा धातू होत नाही, आणि धातू घणाखाली गेल्यावाचून त्याची वस्तू होत नाही. धातूच्या पाठीशी नेहमी कोणाचे तरी श्रम, कोणते तरी जळण आणि बराचसा काळ उभा असतो. तेव्हा धातूचे प्रतीक वाचायचे, तर त्याचा उपयोग आणि त्याची घडण आधी वाचली पाहिजे. कल्पित सृष्टीतील धातूंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण तिथे धातू निर्माण करणाऱ्या लेखकाला त्याची भट्टीही निर्माण करावी लागते, किंवा ती नाही हे वाचकापासून लपवावे लागते.

या विवेचनासाठी बंगळूरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र ही कसोटी म्हणून घेण्याचे योजले आहे. शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, १९७० नंतरच्या दशकात आकाराला आलेली ही वसाहत आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. हजारो लहानमोठ्या कारखान्यांतून इथे धातू कापला जातो, तासला जातो, तापवला जातो, त्याच्यावर मुलामा चढवला जातो. अद्भुताशी या जागेचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. ज्या धातूला युरोपच्या अद्भुतकथांनी जादूचे तेज दिले तो या कन्नड मुलुखातल्या भट्ट्यांतही निघत असे. आणि ज्या धातूतून एका फ्रेंच कादंबरीकाराने चंद्राकडे जाणारे वाहन कल्पिले, तो आज इथल्या कारखान्यांत नित्याचा झाला आहे. एका धातूचे अद्भुत होणे आणि दुसऱ्याचे व्यवहार होणे या दोन्ही गोष्टी या एका ठिकाणावरून पाहता येतात.

२

प्रथम मराठी परंपरेकडे वळावे. धातूच्या संदर्भात मराठी कवितेने दोन प्रतिमा जोपासल्या. एक परिसाची आणि दुसरी मुशीची. परीस लोखंडाला लागला की त्याचे सोने होते. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत संतांनी ही प्रतिमा वारंवार वापरली, कारण गुरुकृपेचे किंवा सत्संगाचे वर्णन करण्यास तिच्याइतकी समर्पक दुसरी प्रतिमा नव्हती. कृपा ही श्रमाने मिळत नाही, तिला काळ लागत नाही आणि पात्राची पूर्वावस्था ती विचारात घेत नाही. परिसाच्या कल्पनेत भट्टी नाही, इंधन नाही, कारागीर नाही. आणि म्हणूनच ती कृपेला शोभते.

दुसरी प्रतिमा नरहरी सोनाराची. व्यवसायाने सोनार असलेल्या या संताने आपल्या धंद्यातील शेगडी, मूस, हातोडा, कात्री, तराजू हीच भक्तीची रूपके केली. इथेही विषय आत्मशुद्धीचाच आहे; पण शुद्धी होते ती तापण्याने, ओतले जाण्याने आणि तोलून पाहिले जाण्याने. ज्याने आयुष्यभर निखाऱ्यासमोर बसून काम केले त्याला एका स्पर्शात होणारे परिवर्तन पुरेसे वाटले नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. परीस पदार्थाचे नाव बदलतो, मूस पदार्थाचे अंतरंग बदलते.

मराठी भाषेने मात्र आपला कल मुशीकडेच दाखवला आहे. 'तावून सुलाखून निघणे', 'बावनकशी', 'कसाला उतरणे', 'कल्हई उडणे', 'ऐरणीवर येणे' हे प्रयोग माणसांविषयी केले जातात, पण त्यांचा जन्म सोनाराच्या, कल्हईवाल्याच्या आणि लोहाराच्या दुकानात झाला. यांत सर्वांत अर्थपूर्ण शब्द आहे तो 'पाणी'. लोहार तापलेले पाते थंड करताना त्याला 'पाणी देतो'. त्यावरून धारेचे पाणी, आणि धारेवरून माणसाचे पाणी. 'पाणीदार' मनुष्य म्हणताना बोलणाऱ्याला भट्टीची आठवण नसते. ती भाषेला असते. फारसीतील 'आब' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याचा मूळ अर्थ पाणी. पुढे तो तेज आणि प्रतिष्ठा या अर्थांनी मराठीत रुळला. पोलादाच्या उत्तम पात्यावर दिसणारी लाटांसारखी नक्षी आणि ते पाते घडवताना वापरलेले पाणी, या दोहोंचा संस्कार अशा शब्दांवर झाला असावा. भारतीय रसशास्त्रानेही लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे भेद करून ठेवले होते. यांतील 'तीक्ष्ण' म्हणजे पोलादाच्या जातीचे लोह. जुन्या मराठीत पोलादाला 'तिखे' म्हणत ते यावरूनच.

३

या तीक्ष्ण लोहाची दक्षिणेतील कथा म्हणजे प्रत्यक्ष धातूचे कल्पित धातूत रूपांतर कसे होते याचा सर्वांत बोलका पुरावा होय. कन्नडात पोलादाला 'उक्कू' म्हणतात. इंग्रजीत 'वूट्झ' म्हणून प्रसिद्धी पावलेले नाव याच शब्दाचे अपभ्रष्ट रूप मानले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टराने मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला धाडले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यांच्यावरील आपला शोधनिबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! माल ज्या बंदरातून निघाला तेच त्याचे जन्मस्थान समजले गेले. दूर आतल्या प्रदेशात, म्हैसूर, सेलम आणि तेलंगण या भागांत, मातीच्या मुशी घडवणारे हात पहिल्याच कागदावर गळून पडले.

त्या हातांची कृती साधी नव्हती. घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत भरायची, तोंड मातीनेच बंद करायचे, अशा अनेक मुशी भट्टीत रचून भात्याच्या वाऱ्यावर तासन्‌तास तापवायच्या, आणि मग त्या सावकाश निवू द्यायच्या. लाकडातील आणि पानांतील कर्ब लोखंडात मुरून सुमारे दीड टक्का कर्बाचे पोलाद तयार होई. सावकाश निवताना आणि नंतर हलक्या उष्णतेवर घडवताना त्यात कर्बसंयुगांचे पट्टे उमटत. पात्यावरची पाण्याची नक्षी ती हीच. १८०० व १८०१ साली म्हैसूर प्रांतातून फिरलेल्या फ्रान्सिस ब्युकॅननने या धंद्याचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन लिहून ठेवले आहे. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने पुढे वीस-बावीस वर्षांनी या पोलादाचे रहस्य शोधण्याचा खटाटोप केला.

याच सुमारास, १८२५ मध्ये, वॉल्टर स्कॉटची 'द टॅलिस्मन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. धर्मयुद्धांच्या काळात घडणाऱ्या या कथेत इंग्लंडचा राजा रिचर्ड आपल्या जड तलवारीच्या एका घावाने लोखंडी दांडा तोडून दाखवतो. त्याला उत्तर म्हणून सलादीन आपल्या वाकड्या, निळसर पात्याने रेशमी उशी आणि हवेत तरंगता झिरझिरीत पट कापतो. पात्यावरील असंख्य वळणदार रेषांचा उल्लेख करण्यास स्कॉट विसरलेला नाही. प्रसंगाचे प्रतीकरूप उघड आहे: पश्चिमेचे बळ आणि पूर्वेचे नैपुण्य. परंतु या पात्याचा धातू कोठून आला हे कादंबरीला ठाऊक नाही. दमास्कसचे पाते एवढेच तिला पुरते. ज्या धातूचे नमुने लंडनच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते, तोच धातू त्याच दशकात कादंबरीत परिसाच्या जातीचा झाला. मूस विसरली गेली आणि जादू सुरू झाली.

या अंतराच्या नियमाला आपल्याकडचीही एक बाजू आहे. सतराव्या शतकातील मराठे ज्या सरळ, लांब तलवारीला 'फिरंग' म्हणत तिचे पाते युरोपात घडलेले असे किंवा तिथल्या पात्याच्या धर्तीवर केलेले असे. नावातच ती परदेशी. इकडे दख्खनचा योद्धा फिरंगी पात्यावर विश्वास टाकीत होता, तिकडे इंग्रज कादंबरीकार पूर्वेच्या पात्यावर मोहित होत होता. अद्भुत धातू नेहमी दुसऱ्याच्या मुलुखातून येतो. स्वतःच्या गावच्या लोहाराने केलेला कोयता कितीही उत्तम असला तरी त्याच्याविषयी दंतकथा निर्माण होत नाही. कारण त्याची भट्टी रोज दिसत असते आणि त्याचे देणे अजून चुकते करायचे असते.

४

उक्कूच्या उलट वाटेने गेलेला धातू म्हणजे ॲल्युमिनियम. जूल व्हेर्नने १८६५ साली 'पृथ्वीवरून चंद्राकडे' ही कादंबरी लिहिली, तेव्हा हा धातू दुर्मीळ होता. १८५४ नंतर फ्रान्समध्ये सेंत-क्लेअर दव्हील याच्या पद्धतीने तो थोडाथोडा तयार होऊ लागला होता आणि फ्रान्सच्या सम्राटाच्या मेजवानीत त्याची भांडी मिरवत होती. व्हेर्नने चंद्राकडे डागायचे वाहन याच धातूचे केले. मात्र ते त्याने कसे केले हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या कादंबरीतील मंडळी बैठक घेऊन धातू निवडतात: वजनाला हलका, घडवण्यास सोपा, गंज न धरणारा. वाहनाचे वजन १९,२५० पौंड आणि भाव पौंडाला नऊ डॉलर, असा हिशेब वाचकापुढे मांडला जातो. तोफ ओतण्यासाठी जमिनीत खड्डा खणून त्याच्याभोवती १,२०० भट्ट्या पेटवल्या जातात. कल्पना अशक्य कोटीतली. पण धातू मुशीतून आलेला. वाचक चंद्रापर्यंत जाण्यास तयार होतो तो या हिशेबाच्या आधारावर.

मराठीचा या कथेशी जुना ऋणानुबंध आहे. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकीळ' मासिकाने व्हेर्नचा चांद्रप्रवास मराठीत आणला, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक तिथूनच धरतात. नंतरच्या पिढीला तो भा. रा. भागवतांच्या 'चंद्रावर स्वारी'तून भेटला. 'केरळ कोकीळ'चा वाचक ते भाषांतर वाचीत होता तोवर ॲल्युमिनियमचे मूळ अद्भुत मावळलेही होते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी एकमेकांच्या नकळत विजेच्या साह्याने हा धातू वेगळा करण्याची रीत शोधली, आणि थोड्याच वर्षांत त्याचा भाव कोसळला. राजाच्या ताटाचा धातू पुढे गरिबाच्या पातेल्याचा झाला.

पीण्यात हा प्रवास पूर्ण झालेला दिसतो. इथल्या कारखान्यांत यंत्राखाली निघणारा ॲल्युमिनियमचा कीस झाडून पोत्यांत भरला जातो आणि वजनावर विकला जातो. याच वसाहतीत भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे यानांचा मागोवा घेणारे आणि त्यांना आज्ञा देणारे केंद्र, 'इस्ट्रॅक', आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात उतरले, तेव्हा त्या उतरण्यावर लक्ष ठेवले जात होते ते इथूनच. अवकाशयानांच्या सांगाड्यांत ॲल्युमिनियमचे मिश्रधातू सर्रास वापरले जातात. व्हेर्नने केलेली धातूची निवड चुकली नव्हती. तात्पर्य, मुशीशी इमान राखणारी कल्पना काळाने खोटी ठरत नाही. फार तर ती साधी होते.

५

आता शुद्ध कल्पित धातूकडे यावे. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्कीन याच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या महाकथेतील 'मिथ्रिल' हा विसाव्या शतकातील सर्वाधिक गाजलेला कल्पित धातू होय. तो तांब्याप्रमाणे ठोकता येतो, काचेप्रमाणे उजळता येतो, वजनाला हलका असूनही पोलादाहून कठीण असतो आणि रुप्यासारखा दिसूनही कधी काळवंडत नाही. वर्णन एवढ्यावरच थांबले असते तर मिथ्रिल हा परिसाचाच एक अवतार ठरला असता. टोल्कीनने त्याला खाण दिली. मोरिया या पाताळनगरीखेरीज तो कोठे सापडत नाही. खुजे लोक त्याची शिर खणत खणत उत्तरेकडे आणि खोल खोल अंधारात गेले, आणि जिथे जाऊ नये तिथे पोचून त्यांनी एका निद्रिस्त अग्निराक्षसाला जागे केले. ज्या धातूने नगरी श्रीमंत झाली त्यानेच ती उजाड झाली. धातूची किंमत ही नाण्यांतच मोजायची नसते, हा या कथेचा आशय आहे.

याहून सूक्ष्म आहे तो या धातूचा उपयोग. फ्रोडो या कथानायकाला मिळालेला मिथ्रिलचा अंगरखा त्याच्या सदऱ्याखाली असतो. तो अंगावर असतानाच त्याला कळते, की त्याची किंमत त्याच्या सगळ्या मुलुखाहून अधिक आहे. पुढे भाल्याचा घाव बसतो तेव्हा हा अंगरखा त्याचा जीव वाचवतो. उलट, सर्व कथेला वेढून राहिलेली दुष्ट मुद्रिका सोन्याची आहे. ती साधी, नक्षीविरहित आहे, आणि तिचा उपयोग एकच: दुसऱ्यांवर सत्ता. सोने सत्ता गाजवते, मिथ्रिल मुकाट्याने राखण करते. सोने आणि मिथ्रिल यांचे हे द्वंद्व लेखकाने कोठेही उघड करून सांगितलेले नाही; ते उपयोगातूनच निष्पन्न झाले आहे. प्रतीक कसे घडवावे याचा हा वस्तुपाठ आहे.

भाषांतरकारापुढे इथे एक पेच उभा राहतो. टोल्कीनने या नावाची व्युत्पत्ती स्वतः कल्पिलेल्या भाषेतून दिली आहे: करडेपणा आणि चकाकी. कथेत त्याला 'खरे रुपे' या अर्थाचे दुसरे नावही आहे. मराठीत 'मिथ्रिल' असे तसेच ठेवले तर नाद राहतो, पण अर्थाचे मूळ तुटते. 'चांदी' म्हटले तर बाजार समोर येतो. 'रुपे' या शब्दाला मात्र एक लाभ आहे. तो आता बोलण्यातून मागे पडला आहे, म्हणून त्याच्याभोवती कालाची धूसरता आहे. आणि सोनाराच्या परिभाषेतील 'चोख' हे विशेषण त्याला जोडले की कसोटीचाही भाव येतो. 'मिथ्रिल, म्हणजे चोख रुपे' अशी जोडी पहिल्या उल्लेखात दिली तर नादही राहील आणि मूसही. आपल्या भाषेतील कारागिरांचे शब्द हाताशी असताना कल्पित धातूंची नावे केवळ लिप्यंतरित करून सोडणे हा भाषांतराचा आळस होय.

६

मिथ्रिलशी तुलना करण्यास जॉर्ज आर. आर. मार्टिन याच्या १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कथामालेतील 'व्हॅलिरियन पोलाद' योग्य आहे. त्याच्या पात्यांवर लाटांची नक्षी आहे, ती वजनाने हलकी आणि धारेला अपूर्व आहेत, आणि ती घडवणारी संस्कृती एका महाप्रलयात नष्ट झाली आहे. उक्कूच्या दंतकथेची छाया यावर स्पष्ट दिसते. घडवण्याची विद्या लुप्त झाली असून जुने पाते वितळवून नवे करण्याचे कसब तेवढे थोड्या कारागिरांना उरले आहे. म्हणून अशी तलवार घराण्याची ठेव होते, तिला नाव असते, ती बापाकडून मुलाकडे जाते. एका सरदार घराण्याची वडिलोपार्जित तलवार त्याच्या शत्रूंनी वितळवून तिच्या दोन तलवारी केल्या, हा मालेतील प्रसंग एका घराण्याच्या वधाइतकाच क्रूर वाटतो, तो यामुळे.

परंतु इथे एक उणीव जाणवते. हे पोलाद मंत्राने आणि सर्पाग्नीने घडत असे, एवढेच लेखक सांगतो. त्या साम्राज्याच्या खाणींत गुलाम राबत होते हे कथामालेत आले आहे. पण त्या गुलामांचे श्रम आणि हे पोलाद यांची गाठ कथेने घातलेली नाही. त्यामुळे तलवारीचे मोल केवळ दुर्मीळपणाचे उरते. मिथ्रिलच्या बाबतीत मोल आणि अपराध एकाच खाणीतून निघतात. व्हॅलिरियन पोलादाच्या बाबतीत मोल ऐतिहासिक अवशेषाचे आहे. एकाचा धातू प्रतीक होतो, दुसऱ्याचा वारसा होतो. वारसा रम्य असतो; पण तो प्रश्न विचारीत नाही.

७

या कसोटीवर पीण्यातला प्रत्यक्ष धातू कसा दिसतो? तिथल्या पोलादांना नावे नाहीत, आकडे आहेत: ईएन-८, ईएन-२४, एच-१३, डी-२. कवीला हे आकडे रुक्ष वाटतील. पण प्रत्येक आकडा म्हणजे एका मुशीचा संपूर्ण इतिहास आहे. त्यात कोणता पदार्थ किती आहे, तो किती तापवायचा, कशात विझवायचा, हे त्यावरून ठरते. साचे आणि कापण्याची हत्यारे करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डी-२ पोलादात कर्ब सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम सुमारे बारा टक्के असते. कर्बाचे हे प्रमाण जवळजवळ उक्कूचेच आहे! सलादीनच्या पात्यात ज्या प्रमाणाने युरोपला थक्क केले तेच प्रमाण इथे मागणीपत्रावर लिहिले जाते, आणि पाणी दिल्यावर ते कठीणता मोजण्याच्या यंत्राखाली ठेवून रॉकवेल मापाने साठाच्या आसपास भरले की माल पसंत होतो. दंतचक्रांच्या पृष्ठभागात कर्ब मुरवण्याची जी क्रिया इथे नित्य चालते, तिचे तत्त्वही तरवडाच्या लाकडाने मुशीत केलेल्या कामाहून निराळे नाही. बाहेरून कठीण आणि आतून चिवट असे ते चक्र होते.

परीसही इथे आहे. त्याला मुलामा म्हणतात. क्रोमियमचा थर चढला की साधे लोखंड आरशासारखे झळकते. या झळाळीचे देणे मात्र जमिनीने भरले आहे. मुलाम्याच्या कामात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून पीण्याच्या भूजलात क्रोमियमचे दूषण आढळल्याची नोंद सरकारी पातळीवर झालेली आहे. खोल खणून राक्षसाला जागे करणाऱ्या खुज्यांची कथा वाचताना जो वाचक तिला कल्पनाविलास समजतो, त्याने ही नोंद ध्यानात घ्यावी. चकाकीचे मोल जमिनीखाली फेडावे लागते, हे टोल्कीनने सांगितले ते एखाद्या सिद्धांतासारखे सांगितलेले नाही. त्याने एक खाण रचली आणि तिच्या तळाशी परिणाम ठेवला.

मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने या चर्चेला आणखी एक बाजू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे तो खपेना. धातूचे प्रतीक धातूच्या उपयोगाच्या आड आले होते. ते प्रतीक मोडले ते वादविवादाने मोडले नाही. शेतात नांगर चालला आणि पीक आले तेव्हा मोडले. पुढे किर्लोस्करवाडीच्या त्या कारखान्यातूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांचा यंत्रसामग्रीचा कारखाना उभा राहिला. पीण्याशेजारच्या जळहळ्ळीत १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आली. मराठीचे एक प्रमुख मासिक लोखंडाच्या कारखान्यातून जन्मले, हे सहसा आढळणारे उदाहरण नव्हे. तरीही मराठीच्या अद्भुतरम्य कथेत त्या भट्टीची धग उतरली नाही. तिथले राजवाडे सोन्याचे राहिले, तलवारी दैवी राहिल्या, आणि ऐरण गावकुसाजवळच राहिली.

८

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ही अपेक्षा अद्भुताला कारखान्याची नियमपुस्तिका करण्याची आहे. कल्पनेचे स्वातंत्र्य भट्टीच्या तापमानाला बांधले तर तिचे पंखच जळतील. आक्षेप गंभीर आहे. परंतु संतांच्या परिसाचे उदाहरणच त्याचे उत्तर देते. संतांनी परीस वापरला तो जिथे श्रमाला जागाच नाही अशा अनुभवासाठी. म्हणून तिथे मुशीचा अभाव हाच प्रतिमेचा अर्थ आहे. हाच परीस जेव्हा योद्ध्याच्या हातात तलवार म्हणून येतो, तेव्हा युद्ध, सत्ता आणि संपत्ती यांचा व्यवहार सुरू झालेला असतो. व्यवहारात कृपेची भाषा वापरणे म्हणजे कोणाचे तरी देणे बुडवणे होय. हा भेद न ओळखणारी अद्भुतकथा कितीही चकाकली तरी ती मुलाम्याची आहे. भट्टीचे तापमान कथेने सांगितलेच पाहिजे असे नाही. मोरियातील मुशींचे वर्णन टोल्कीननेही केलेले नाही. धातूच्या किमतीचा परिणाम कथानकात उमटला पाहिजे, एवढीच मागणी आहे.

उक्कू, ॲल्युमिनियम आणि मिथ्रिल यांच्या कथा एकत्र वाचल्या म्हणजे कल्पित धातूचा कस कसा लावावा हे स्पष्ट होते. तो कोणत्या पदार्थापासून झाला, कोणी घडवला, कोणाच्या उपयोगी पडला आणि त्याचे मोल कोणी दिले, हे चार प्रश्न त्याला विचारावेत. स्कॉटचे पाते पहिल्या दोन प्रश्नांशीच मुके होते. व्हेर्नचे वाहन पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर देते, चौथ्याला पैशाच्या भाषेतच देते. मिथ्रिल चारही प्रश्नांना सामोरा जातो. कल्पित असूनही तो या तिघांत अधिक खरा वाटतो, तो म्हणूनच.

मराठीत अद्भुत लिहिणाऱ्याला आणि अद्भुताचे भाषांतर करणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास दूर जावे लागणार नाही. मूस, भाता, सांडस, कानस, कस, पाणी हे शब्द त्याच्या भाषेत शतकानुशतके तापत आले आहेत. ज्या कन्नड प्रदेशाने मराठीला अडकित्ता दिला त्याच प्रदेशाने जगाला उक्कू दिला. आणि त्या उक्कूचे नाव जगाने बिघडवून घेतले, गाव चुकवले आणि कारागीर विसरले. नव्या अद्भुतकथेत एखादा धातू प्रथमच जन्माला घातला जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर तो ओतणाऱ्या हातांनाही नाव मिळाले, तर त्या विस्मरणाची थोडी भरपाई होईल.